रिकामं बसकर

हाताची चूक पुसता येते, तोंडाची येत नाही, हे ममताबाई आपल्या लेकीला लहानपणापासून सांगत आल्या होत्या. लेकीनं, म्हणजे मैत्रेयीनं, ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं. म्हणून तर त्या दुपारी जे झालं ते झालं, आणि झालं ते बरंच झालं.

पांढरकवड्याच्या हायवेलगत फ्लेक्सचं एक दुकान आहे. बाहेर भाद्रपदातली बारीक झड लागली होती. मैत्रेयी ओढणीनं लॅपटॉपची बॅग पुसत आत शिरली आणि तिनं काउंटरवर पेनड्राइव्ह ठेवला.

"एक रंगीत प्रिंट हवी होती. मोठी… भिंतीवर लावता येईल एवढी."

काउंटरमागचा तरुण कॉम्प्युटरवरून नजर न काढताच म्हणाला, "वाढदिवस, निवड का भावपूर्ण श्रद्धांजली?"

"भावपूर्णच म्हणा," ती हसली. "एका वेबसाइटचं पहिलं पान आहे. त्याला आता निरोप द्यायचाय. त्याआधी भिंतीवर लावून त्यातल्या चुकांवर गोल करणार आहे मी."

त्यानं फाइल उघडली. पडद्यावर पान आलं, आणि माउसवरचा त्याचा हात थांबला. मैत्रेयीला ते दिसलं असतं तर ती तिथंच गप्प बसली असती. पण ती वाकून पडद्याकडे बघत होती आणि तिच्या जिभेला चाकं लागली होती.

"बघा ना. ही धम्माचा अभ्यास करायची जागा आहे, की कुणाच्या निवडीचा बॅनर? निळा, पिवळा, गुलाबी… वर चक्र गरगर फिरतंय, खाली अक्षरं पळताहेत. माणूस मन शांत करायला येणार आणि डोकं धरून जाणार."

"खरं हाये," तो गंभीरपणे म्हणाला. "कोणाचं काम असल हे?"

"असेल कुणीतरी हौशी. रंगाचा डबा हाती लागलेला."

"आणखी काय काय चुकलं त्याचं?"

"हे फोटो. विहाराची अख्खी समिती गोलागोलांत बसवलीय. आणि हा बघा, मधला गोल… यात फोटोच येत नाही. नुसतं पांढरं. बग आहे, प्रोग्रामातली चूक."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "असल," एवढंच म्हणाला.

मशीन घरघरत चाललं. शाईचा उग्र वास दुकानभर झाला. त्यानं प्रिंट नीट गुंडाळली, रबर लावलं आणि तिच्या हातात दिली. तिनं पर्स उघडली तसा तो म्हणाला, "राहू द्या. माह्याच कामाचे पैसे मी कसे घेऊ?"

मैत्रेयीला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी संघर्ष," तो म्हणाला. "नागोराव गुरुजींच्या वर्गाची वेबसाइट मीच बनवली. तवा मले फ्लेक्सशिवाय काही येत नव्हतं." आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून हसत त्यानं जोडलं, "आता बी नाई येत."

शेजारच्या गॅरेजवाले जफरभाई चहाचा ग्लास घेऊन दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते इतके हसले की अर्धा चहा पायरीवर सांडला. मैत्रेयीचे कान तापले. जमिनीनं पोटात घेतलं असतं तर ती खुशीनं गेली असती.

मैत्रेयी पुण्याच्या एका कंपनीत वेबसाइटची पानं सजवायचं काम करायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून ती काही महिने घरूनच काम करत होती. नागोराव गुरुजींनी ममताबाईंना शाळेत शिकवलं होतं. आता ते निवृत्त होते आणि विहारात अभ्यासवर्ग चालवायचे. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या, महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होई. ते रेकॉर्ड करून वेबसाइटवर टाकलं जाई. हैदराबादकडे जाणारे ट्रक-ड्रायव्हर ते ऐकत, कापसाच्या शेतात निंदणाऱ्या बाया कमरेला फोन खोचून ऐकत. गुरुजी म्हणाले, पान जुनं झालं, लोकांना काही सापडत नाही, आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तोवर नवं करून दे. ममताबाईंनी लेकीला विचारलंही नाही, हो म्हणून टाकलं.

आणि सगळे फोटो, सगळे पासवर्ड संघर्षाच्या कॉम्प्युटरवर. मग काय, दुसऱ्या दिवशी गुंडाळलेली प्रिंट काखेत धरून मैत्रेयी पुन्हा त्याच दुकानात हजर.

"सॉरी," ती दारातूनच म्हणाली.

"कायले? डोकं तर माह्यं बी दुखते ते पान पाहून," तो म्हणाला. "बसा."

दुकानात गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी स्टूल होतं, एका पायानं लंगडं. दोन दिवस ती त्यावर डुलत बसली. तिसऱ्या दिवशी तिथं लाकडी खुर्ची आली होती, वर कापसाची उशी.

"ही कुठून आली?"

"घरून. तुमची कंबर दुखल म्हटलं." तो मान खाली घालून शाईचा डबा उघडत बसला. डबा आधीपासूनच उघडा होता, ही गोष्ट वेगळी.

रोज दुपारी ती ऑफिसचं काम आटोपून येई आणि रोज भांडण ठरलेलं. तिला दोनच रंग हवे होते. त्याला ते पान उपाशी वाटे.

"एवढं पांढरं सोडता तुम्ही," तो म्हणायचा. "आमच्या धंद्यात पांढरं सोडलं तर गिऱ्हाईक म्हणते, माह्ये पैसे वाया गेले."

"रिकामी जागा लागते हो. डोळा कुठंतरी टेकायला पाहिजे. सगळंच भरलं तर माणसानं यायचं कुठून?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "हे तुम्ही कॉलेजात शिकल्या?"

"हो. का?"

"काई नाई… आमच्या गुरुजीसारखं बोलल्या."

फोटोंवरून तर दोन दिवस गेले. "विहारातल्या पंख्यावर बी देणाऱ्याचं नाव असते," संघर्ष समजावू लागला. "लोक हवा खातानी नाव वाचतात. फोटो काढले तर लोक वेबसाइट उघडून पाह्यतील काय?"

"धम्म."

"तो तर पाह्यतीलच. पण पहिले आपला फोटो."

ती खळखळून हसली. शेवटी फोटोंसाठी 'आपली माणसं' असं वेगळं पान करायचं ठरलं.

रेकॉर्डिंग लावून ऐकताना तिला कळलं की वाचणारा आवाजही त्याचाच. शांत, जरासा खर्जातला. प्रत्येक वाचनाच्या आधी तो विचारायचा, "मागं आवाज येते का?" आणि मागून बाया एका सुरात म्हणायच्या, "येतेऽऽ."

"हे सुरुवातीचं कापू?" तिनं विचारलं.

"नका कापू. त्या 'येते' म्हणतात तवाच मी सुरू करतो. नाई तर वाटते, एकटाच बोलून राह्यलो."

तिनं नाही कापलं. उलट घरी भाकरी थापताना, केस विंचरताना ती तीच रेकॉर्डिंगं ऐकू लागली. कामासाठी, असं आईला सांगितलं. ममताबाईंनी ऐकून घेतलं आणि भाकरी जळाल्याचं तेवढं सांगितलं.

एकदा वीज गेली. मशीन थांबलं, आणि पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला. दोघं पडद्याच्या काळ्या काचेत एकमेकांना बघत बसले. "मैत्रेयी," तो म्हणाला. मॅडम नाही, नुसतं मैत्रेयी. ती वाट बघत राहिली… आणि वीज आली. मशीन घरघरलं. "काई नाई," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी जाताना मैत्रेयीनं विद्युत मंडळाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

पान तयार झालं. तिनं मोठ्या हौसेनं ते त्याच्या पडद्यावर लावलं. पांढरं, निळं, मोकळं. एका बाजूला वाचन, एका बाजूला पाठ, खाली वंदना आणि तिचा अर्थ. तो माउस फिरवत पान वरखाली बघू लागला.

"मधला गोल कुठं गेला?"

"कुठला? तो बिनफोटोचा? तो बग होता ना, काढून टाकला."

त्यानं माउस बाजूला सारला.

"बरं केलं, मॅडम," संघर्ष म्हणाला. "चांगलं झालं पान."

मॅडम. एवढ्या एका शब्दानं तो काउंटरच्या पलीकडे जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी ती निघणार तर त्याचा मेसेज आला: राहिलेले फोटो पाठवले आहेत, दुकानात यायची गरज नाही. तिनं फोन केला. त्यानं उचलला, कामाचं बोलला आणि ठेवला. त्याच दिवशी पुण्याहूनही निरोप आला. पौर्णिमेनंतरच्या सोमवारपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं.

मैत्रेयी दोन दिवस घरात धुमसत राहिली. पुण्याला जायचं तर जायचं, त्याचं तिला एवढं नव्हतं. पण हा असा तोंडाला कुलूप लावून बसला असताना जायचं? आपण काय केलं हेही न कळता?

"त्याले विचार ना," ममताबाई म्हणाल्या. "न बोलणाऱ्याचे गहू बी विकत नाईत, माय."

"मी कायले विचारू? त्यानं सांगावं." चिडली की तिची पुण्याची मराठी गळून पडायची.

"बरं. मग आज विहारात तरी चाल. अख्खा वर्षावास सरत आला, गुरुजीची वेबसाइट बनवून राह्यली आन् एक दिवस वाचनाले गेली नाई."

आईचं खरं होतं. ती रोज वाचन ऐकत होती, पण कानात वायर घालून. आईच्या गुडघ्याच्या चालीनं विहारात पोचायला उशीर झाला. वंदना आटोपली होती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मेणबत्तीचा आणि अगरबत्तीचा वास. ममताबाईंना मागे खुर्ची मिळाली. मैत्रेयीला मात्र बसायला जागा दिसेना. सगळीकडे सतरंजी भरलेली. फक्त अगदी पुढं, वाचणाऱ्याच्या समोर, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचं शिवलेलं एक बसकर मोकळं होतं. एवढ्या गर्दीत त्यावर कुणीच बसलं नव्हतं. कुणाचं तरी असेल, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"ये बाई," नागोराव गुरुजी म्हणाले. "उभी काहून? तुहीच जागा आहे ते."

"माझी?"

"पहिल्यांदा आली ना? मग तुहीच."

सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेत ती पुढं जाऊन बसली. समोर संघर्ष होता. त्यानं काडेपेटी पुढं केली. नवीन आलेल्या माणसानं एक मेणबत्ती लावायची, असा तिथला रिवाज. तिनं काडी पेटवली. त्यानं वाऱ्याला हाताचा आडोसा केला, ज्योत धरली, आणि मग त्यानं ग्रंथ उघडला.

"मागं आवाज येते का?" त्यानं विचारलं. पण बघत होता पुढं.

"येतेऽऽ," बाया म्हणाल्या.

तो वाचू लागला आणि पहिल्याच ओळीत अडखळला. मागच्या बाया खुसखुसल्या. मैत्रेयीची मान खाली गेली, आणि नजर बसकरावर पडली. चौफेर माणसं, आणि मधोमध ही एक जागा. कुणाचं नाव नसलेली. तिला एकदम आठवलं. मधला गोल. पांढरा. सगळ्या फोटोंच्या मधोमध.

वाचन संपलं, अनुमोदनाचं साधू तीनदा म्हणून झालं, तशी ती गुरुजींकडे गेली. "गुरुजी, हे बसकर रोज रिकामं असतं?"

"असते ना. आमच्या वर्गातल्या सत्यभामानं शिवलं ते," गुरुजी म्हणाले. "वर्ग भरला म्हणून नवा माणूस दारातून परत जाऊ नये. सगळ्यायनं दाटीवाटीनं बसावं, पण येणाऱ्याची जागा ठेवावी. हा संघर्ष त्याच्यावरच बसला होता पहिल्यांदा. दहावी नापास, बाप नुकताच गेलेला. कोणाशी बोले ना. म्हणे, मी पंख्याच्या हवेले आलो." गुरुजी हसले. "त्यानं वेबसाइट बनवली तवा मी म्हटलं, बाबू, फोटो तुले लावाचे तेवढे लाव. पण एक जागा सोड."

मैत्रेयीला रडू आलं. ज्या पानाला ती बॅनर म्हणाली होती, त्यात एकच गोष्ट त्या पोरानं जीव ओतून केली होती, आणि नेमकी तीच तिनं कचरा म्हणून झाडून टाकली होती. रिकाम्या जागेवर त्याला रोज व्याख्यान देणारी ती. तिनं दारात बघितलं, पण संघर्ष निघून गेला होता.

मग तिनं फोन केला नाही, मेसेजही केला नाही. तोंडानं केलेली चूक या वेळी तिला हातानं निस्तरायची होती. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंकडून बसकर मागून आणून तिनं अंगणातल्या उन्हात त्याचे फोटो काढले, आणि तयार झालेलं पान मोडून पुन्हा मांडायला घेतलं.

आश्विन पौर्णिमेला संध्याकाळी विहाराची पांढरी भिंत पडदा झाली. आवारात खिरीचं पातेलं उकळत होतं. वीज दगा देईल म्हणून जफरभाई आपला जनरेटर घेऊन दाराशी बसले होते. समितीची माणसं पुढच्या रांगेत, केस विंचरून. संघर्ष मागे, खांबाआड.

मैत्रेयीनं प्रोजेक्टरला जोडलेल्या फोनवर पान उघडलं. भिंतीवर सगळं पांढरं, आणि मधोमध फक्त ते बसकर. लाल, हिरव्या, जांभळ्या लुगड्यांचे तुकडे, टाकेसुद्धा दिसत होते. खाली दोनच शब्द: या, बसा.

पुढच्या रांगेतल्या नजरा भिंतभर फिरल्या. तेवढ्यात समितीतले एक काका खाकरले. "गुरुजी, यात आपले फोटो…?"

"बसकरावर बोट ठेव. आत सगळं आहे, वाचन बी, फोटो बी," गुरुजी म्हणाले, आणि पुढं होऊन तिच्या फोनवर स्वतःच बोट ठेवलं. विहारभर संघर्षाचा आवाज झाला. "मागं आवाज येते का?" रेकॉर्डिंगमधल्या बायांच्या आधी समोरच्याच बाया म्हणाल्या, "येतेऽऽ." सत्यभामाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. साधू, साधू, साधू झालं, आणि मैत्रेयीला वाटलं, पुण्यात एवढी कामं केली, पण काम केल्याबद्दल आपल्यालाच कुणाचे तरी आभार मानावेसे वाटले ते आज पहिल्यांदा.

खिरीचा द्रोण घेऊन ती आवारात आली. निंबाखाली संघर्ष उभा होता.

"माफ कर," ती म्हणाली. "विचारलं असतं तर…"

"मीच सांगतलं नाई. तू बग म्हटलं तवाच सांगाले पाह्यजे होतं. मले वाटलं, एवढी शिकलेली पोरगी, हसल." तो थांबला. "मंग वाटलं, आता पुण्यालेच तर चालली. कायले…"

"कायले काय?"

त्याच्या तोंडाचं कुलूप तसंच. तेव्हा जनरेटरवरून जफरभाईंचा आवाज आला.

"अरे बेटा, तू नाही बोलत तर मी बोलतो. बाई, तुम्ही येणं बंद केलं, तेव्हापासून ती उशीवाली खुर्ची हा कोणालेच बसू देत नाही. गिऱ्हाईक उभं, मी उभा. माझे पाय दुखून राह्यले. फैसला करा काहीतरी."

मैत्रेयी वळून संघर्षाकडे बघत राहिली. त्याचे कान तिच्या त्या दिवशीच्या कानांसारखेच लाल झाले होते.

"खरं आहे?"

"बसकर कोणासाठी बी असते," तो हळू म्हणाला. "जो येईल तो बसल. खुर्चीचं तसं नाई… त्या खुर्चीवर मले एकच माणूस पाह्यजे. तू."

तिच्या हातातला द्रोण कलला, खीर बोटांवर आली, तरी तिला ते कळलं नाही.

"सोमवारी मी पुण्याला जाईन," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला. "साहेबांना सांगेन, पांढरकवड्याला कुणीतरी माझी जागा धरून ठेवलीय. काम तिथूनच करेन."

"आन् नाई ऐकलं तर?"

"तर त्यांच्याकडची माझी जागा रिकामी होईल. रिकाम्या जागेचं महत्त्व मला चांगलं समजावता येतं. तुला माहीत आहे."

तो हसला. पहिल्यांदाच, अगदी मोकळा. मग त्यानं खिशातला रुमाल काढून तिची बोटं पुसली आणि रुमाल काही लवकर परत खिशात ठेवला नाही.

साहेबांनी ऐकलं. सहज नाही, तीनदा मीटिंग घेऊन आणि महिन्यातून एकदा पुण्याला यायच्या अटीवर. पण ऐकलं. तो निर्णय झाला त्या दुपारी मैत्रेयी ऑफिसात आपल्या टेबलाशी बसली होती. डोळे भरून येत होते. तिनं मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले: आईच्या गुडघ्याचे, लंगड्या स्टुलाचे, जफरभाईंच्या दुखऱ्या पायांचे, आणि त्या दिवशी आवरली न गेलेल्या आपल्या जिभेचे. मग तिनं कानात वायर घातली आणि फोनवर ते पान उघडलं. वर्षावास संपला तरी रविवारचा वर्ग होताच. कालचं वाचन आलं होतं.

तिनं बसकरावर बोट ठेवलं.

"मागं आवाज येते का?" संघर्षानं विचारलं.

"येतेऽऽ," बाया म्हणाल्या.

पण तो सुरू करेना. पानं हलल्याचा आवाज झाला, गुरुजी खोकले.

"आन् लय मागं?" त्यानं विचारलं. "पुण्यापर्यंत येते का?"

रेकॉर्डिंगमध्ये सगळा विहार हसला. त्या हसण्यात आईचा आवाजही होता. भरल्या ऑफिसात, कोण बघतंय याचा विचार न करता, मैत्रेयी मोठ्यानं म्हणाली,

"येते."

आणि मग त्यानं वाचायला सुरुवात केली.